प्रतिसाद मंडळीचा आहे : पास्टोरेट कमिटीस खुले पत्र

पुणे

प्रति,
मा. पाळकसाहेब, सचिव, खजिनदार आणि पास्टोरेट कमिटीचे सर्व सभासद यांस,

ख्रिस्तात सप्रेम सलाम.

गेल्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी उपासना संपल्यावर दाराशेजारच्या फलकावर आपली सूचना लागली. तिच्यात तीन निर्णय आहेत. नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारापासून उपासनेतले सर्व प्रतिसाद, म्हणजे पाळकाच्या शब्दाला मंडळीने (जमलेल्या सभासदांनी) द्यायची उत्तरे, गाण्याऐवजी नुसते म्हटले जातील. ‘पवित्र, पवित्र, पवित्र’ आणि शेवटचे ‘आमेन’ एवढे दोन भाग ध्वनिमुद्रित ट्रॅकवर सहा जणांचा गायकगट माइकवरून गाईल. आणि छापील उपासना-पुस्तिका बंद करून सगळा मजकूर पडद्यावर दाखवला जाईल. कारण एका ओळीत दिले आहे : ‘वेळेची बचत व तरुणांचा सहभाग’. या निर्णयाआधी मंडळीची सभा झाली नाही आणि कोणाला विचारल्याचे माझ्या ऐकिवात नाही. या विषयावर मी सचिवांना दोन पत्रे दिली. त्यांचे उत्तर ‘बघू’ एवढेच आणि तेही जिन्यात मिळाले, म्हणून हे तिसरे पत्र सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे. आपल्या मंडळीचे नाव मुद्दाम घातलेले नाही; ज्यांना ओळखायचे ते ओळखतील, आणि ज्यांच्या मंडळीत हेच चालले आहे त्यांना हे पत्र आपलेच वाटेल.

माझा संबंध आधी सांगतो. या मंडळीत मी एकतीस वर्षे पेटी वाजवली. मानधन घेतले नाही, कोणत्या कमिटीवरही नव्हतो. गेल्या वर्षी गुडघ्यांनी बसू देईना म्हणून मी आपण होऊन जागा सोडली, तेव्हा काढून टाकल्याच्या रागाने हा गृहस्थ लिहितो आहे असा समज कृपया करून घेऊ नये. दुसरा संबंध घरचा आहे. माझी आई चौऱ्याऐंशी वर्षांची आहे, नगर जिल्ह्यातून लग्न होऊन पुण्यात आली आणि शाळेत तिसरीपर्यंतच गेली. डावीकडच्या तिसऱ्या बाकावर ती बसते. प्रवचनातले किती समजते असे विचारले तर हसते, पण ‘प्रभू तुम्हांबरोबर असो’ असे समोरून आले की तिच्या तोंडून ‘आणि तुझ्याही आत्म्याबरोबर’ हे सुरासकट बाहेर पडते, आणि त्या क्षणी उपासनेत ती पाळकसाहेबांइतकीच कामात असते. सूचनेतल्या ‘सहभाग’ या शब्दाचा मला माहीत असलेला अर्थ हा आहे.

प्रतिसाद म्हणजे काय, हे कमिटीला शिकवावे अशी माझी योग्यता नाही, तरी सूचना वाचून ते पुन्हा सांगण्याची गरज वाटली. उपासनेत पाळकाचे भाग असतात, वाचकाचे असतात, गायकगटाचेही असतात. नुसते बसून ऐकायला आलेल्या माणसाच्या वाट्याला येणारा भाग एकच, आणि तो म्हणजे समोरून आलेल्या शब्दाला दिलेले उत्तर. पोवाड्यात शाहिराच्या मागे उभा राहून ‘जी जी रं जी’ करणारा झीलकरी काढून टाकला तर शाहीर गाऊ शकतो, पण मग तो पोवाडा राहत नाही. कीर्तनात बुवा चरण सोडतात आणि टाळकरी पालुपद उचलून धरतात. दर वर्षी पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात तेव्हा लक्ष्मी रस्त्याच्या कडेला उभे राहून आपण सगळ्यांनी हे ऐकलेले आहे. आपल्या शास्त्रातही तेच आहे. स्तोत्रसंहितेतल्या 136व्या स्तोत्रात 26 वचने आहेत आणि प्रत्येक वचनाचा उत्तरार्ध तोच आहे : ‘कारण त्याची दया सनातन आहे’. हे स्तोत्र एकट्याने मनात वाचले तर कंटाळवाणे वाटते, कारण ते एकट्याने वाचण्यासाठी रचलेलेच नाही. अर्धे एकाने म्हणायचे आणि अर्धे सगळ्यांनी. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात पौल विचारतो की, तू काय बोलतोस हेच ज्याला समजत नाही, असा साधा मनुष्य तुझ्या उपकारस्तुतीला ‘आमेन’ कसे म्हणणार? प्रेषिताला काळजी आहे ती साध्या माणसाच्या ‘आमेन’ची, वक्त्याच्या सोयीची नव्हे.

चौथ्या शतकाच्या अखेरीस एगेरिया नावाची एक यात्रेकरू बाई यरुशलेमेला गेली होती. तिथल्या संध्याकाळच्या प्रार्थनेचे तिने केलेले वर्णन आजही वाचायला मिळते. सेवक एकेक नाव घेतो आणि शेजारी उभी असलेली पुष्कळ लहान मुले प्रत्येक नावाला ‘किरिये एलेइसोन’, म्हणजे ‘प्रभो, दया कर’, असे उत्तर देतात, असे ती लिहिते, आणि त्या आवाजांना अंत नव्हता अशी पुस्ती जोडते. त्याच काळातला धर्मपंडित जेरोम रोमच्या मंडळ्यांविषयी लिहितो की, तिथले ‘आमेन’ आकाशातल्या गडगडाटासारखे घुमते. माइक नव्हते, ट्रॅक नव्हता, आणि तो गडगडाट गायकगटाचा नव्हता. तरुणांच्या सहभागाविषयी ज्यांना खरोखर कळकळ आहे त्यांनी यरुशलेमेतली ती मुले जरूर डोळ्यांपुढे आणावीत.

आता तक्रारी. सगळ्या सारख्या वजनाच्या नाहीत, म्हणून काहींवर जास्त लिहिणार आहे.

सर्वांत आधी पवित्र गुरुवारची, म्हणजे गुड फ्रायडेच्या आदल्या दिवसाची गोष्ट, कारण ती आपण सगळ्यांनी पाहिली आणि नंतर कोणीच तिच्याविषयी बोलले नाही. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात ‘प्रायोगिक तत्त्वावर’ ट्रॅक सुरू झाला होता. गुरुवार हा पुण्यात तसाही विजेचा आणि पाण्याचा भरवसा नसलेला वार आहे. प्रभुभोजनाच्या वेळी ‘देवाच्या कोकरा, जगाची पापे हरण करणाऱ्या’ इथपर्यंत आवाज आला आणि वीज गेली. ‘आम्हांवर दया कर’ हे शब्द राहिले. वेदीवरच्या मेणबत्त्यांच्या उजेडात दीडशे-दोनशे माणसे उभी होती, त्यांतल्या निम्म्यांना ते चार सूर तीस-चाळीस वर्षे पाठ होते, आणि कोणीही तोंड उघडले नाही. शेवटी पाळकसाहेबांनी ते शब्द एकट्याने म्हटले. माझी कबुली अशी की, मीही गायलो नाही. ज्याने एकतीस वर्षे तेच सूर काढून दिले तो मी, ट्रॅक परत सुरू होईल म्हणून वाट पाहत उभा राहिलो. सहा आठवड्यांत माझी ही गत झाली. उपासनेत माणसांना उत्तर द्यायची सवय लागायला पिढ्या लागल्या असतील. ती मोडायला एक उपवासकाळ पुरला. त्या संध्याकाळी वीज गेली याबद्दल माझी कोणावर तक्रार नाही, आम्ही गप्प राहिलो याबद्दल आहे, आणि त्या गप्प राहण्याची व्यवस्था कमिटीने केली होती.

दुसरी तक्रार पट्टीची, म्हणजे गाणे कोणत्या उंचीच्या सुरात धरायचे याची. हा विषय सूचनेत नाही, कारण बहुधा तो कोणाच्या लक्षातच आला नाही. आमचे जुने प्रतिसाद पेटीवरच्या काळी एक या पट्टीत चालत, कारण त्या पट्टीत बायका-पुरुष, म्हातारे आणि पोरे या सर्वांना थोडेथोडे गैरसोयीचे होते आणि कोणालाही अशक्य नव्हते. ट्रॅक काळी चारमधला आहे. ती एका तयार गळ्याच्या बाईची पट्टी आहे आणि त्या पट्टीत ट्रॅकमधली बाई फार सुंदर गाते, याबद्दल वाद नाही. पण मागच्या बाकावरचा पुरुष खाली उतरला तर त्याला तळ लागतो आणि वर चढला तर मानेची शीर फुगते, म्हणून दोन ओळींनंतर तो ओठ मिटतो. तिसऱ्या ओळीला तो मोबाइल पाहतो. त्याला दोष देण्याआधी पेटीवर बोट ठेवून पट्टी तपासायला हवी होती.

तिसरी तक्रार शब्दांची आहे आणि तिच्यासाठी थोडे मागे जावे लागेल. 1550 साली इंग्लंडात जॉन मर्बेक या विंडसरच्या राजप्रार्थनालयातल्या ऑर्गनवादकाने नव्या इंग्रजी प्रार्थनापुस्तकातल्या प्रतिसादांना सूर लावून ते छापले. पाखंडाच्या आरोपाखाली याच माणसाला काही वर्षांपूर्वी जाळण्याची शिक्षा झाली होती आणि माफी मिळून तो वाचला होता. त्याने पाळलेला नियम साधा होता : एका अक्षराला एक सूर, आणि सुराची लांबी बोलण्याच्या लांबीप्रमाणे. शिकलेल्या गायकाशिवाय कोणालाही गाता यावे आणि शब्द ऐकू यावेत एवढाच त्यामागचा विचार. दोनच वर्षांनी, 1552 साली, प्रार्थनापुस्तक बदलले आणि त्याचे काम निरुपयोगी ठरले. एकोणिसाव्या शतकात ते पुन्हा उकरून काढले गेले आणि मग इंग्रजी बोलणाऱ्या कितीतरी मंडळ्यांनी तेच सूर गायले. कमिट्यांनी घाईने गुंडाळून ठेवलेल्या गोष्टी परत शोधाव्या लागतात, त्याला कधीकधी तीनशे वर्षे लागतात, हा भाग मी इथे नुसता नोंदवून ठेवतो.

मर्बेकचा नियम मराठीला तर जास्तच लागू आहे, कारण आपल्या कानाला ऱ्हस्व-दीर्घ लगेच टोचते. ‘प्रभो, दया कर’ ही आमची जुनी चाल पाहा. ‘प्र’ला षड्ज, ‘भो’ला लांब गंधार, ‘द’ला नुसता टेकून जाणारा रिषभ, ‘या’ला पुन्हा लांब गंधार, आणि ‘कर’ला रे-सा करून विश्रांती. ‘ख्रिस्ता, दया कर’ला ती पंचमापर्यंत जाते आणि परत येते. चार सुरांत सगळे संपते. माणूस कळवळून जसे म्हणेल तसेच ते गायले जाते. उपवासकाळातल्या ट्रॅकमध्ये ‘द’ चार मात्रा ताणला आहे आणि ‘या’ चटकन उरकला आहे, कारण चाल दुसऱ्या भाषेतल्या गाण्यासाठी बांधलेली होती आणि मराठी शब्द तिच्यात मागाहून बसवले. परिणामी ऐकू येते ते ‘दऽऽऽ’. दया मागताना ‘दया’ हा शब्दच ऐकू येत नसेल, तर आपण काय मागतो आहोत?

हा प्रश्न आपल्याकडच्या थोरांना पडून गेलेला आहे. मिशनऱ्यांनी आणलेल्या चालींत मराठी शब्द कोंबण्याचा काळ आपल्या मंडळ्यांनी पाहिला, आणि त्यातून बाहेर काढणाऱ्यांत कृष्णराव सांगळे आणि त्यांच्यानंतर रेव्हरंड नारायण वामन टिळक ही नावे आपण घेतो. टिळकांचा बाप्तिस्मा 1895 साली मुंबईत झाला आणि 1919 साली ते वारले. मधल्या चोवीस वर्षांत त्यांनी अभंग, ओवी आणि भजन या ओळखीच्या वाटांनी ख्रिस्ताचे नाव मराठी माणसाच्या तोंडी बसवले. भजनात पालुपद असते, आणि पालुपद हा प्रतिसादच असतो. जॅक विन्स्लो या इंग्रज धर्मगुरूंनी सहकाऱ्यांसह 1920 साली भारतीय मंडळीसाठी प्रभुभोजनाचा वेगळा विधी हवा अशी मागणी करणारे पुस्तक काढले आणि त्यासाठी सीरियन ख्रिस्ती परंपरेचा आधार घेतला, जिच्यात लोकांच्या उत्तरांना भरपूर जागा आहे. याच विन्स्लोंनी 1922 साली ख्रिस्त सेवा संघ स्थापन केला आणि पुढे त्याचा आश्रम आपल्या शिवाजीनगरात उभा राहिला. पंचहौदचे पवित्र नाम देवालय हे चर्च 1885 सालचे. म्हणजे मराठीतून उपासना कशी व्हावी, तिच्यात लोकांनी काय गावे, याचा विचार या शहरात शंभर वर्षांहून अधिक काळ चाललेला आहे. त्या विचाराचे वारस म्हणून आपण कोणत्या तरी संकेतस्थळावरून उतरवून घेतलेला ट्रॅक लावणार असू, तर निदान तो लावण्याआधी एकदा मराठीतून म्हणून पाहावा.

चौथी तक्रार पडद्याची. आईला मोतीबिंदू आहे, आणि तो नव्हता तेव्हाही तिला जोडाक्षरे भराभर वाचता येत नव्हती. गायलेला प्रतिसाद तिला वाचावा लागत नाही, कारण तो सुराबरोबर डोक्यात राहतो. म्हटलेला प्रतिसाद मात्र पडद्यावर पाहून म्हणावा लागतो, त्यातही नव्या भाषांतरात शब्द बदललेले. आमच्या मंडळीत घरकाम करणाऱ्या, भाजीचा गाडा लावणाऱ्या, सफाईच्या कामावरून थेट येणाऱ्या बायका आहेत. सूर काढून घेतला की त्यांच्यातल्या काही जणींच्या हातातून उपासनाच काढून घेतली जाते. त्या तक्रार करणार नाहीत. फलकावरची सूचनाही त्यांनी वाचलेली नाही.

पाचवी तक्रार नावांची आहे, आणि खरे सांगायचे तर मला सर्वांत जास्त लागली ती हीच. प्रयोगाच्या काळात पडद्यावर प्रत्येक प्रतिसादाखाली एकच शब्द होता : ‘पारंपरिक’. परंपरा म्हणजे कोणीतरी केलेली गोष्ट पुष्कळांनी पुष्कळ वर्षे सांभाळणे, पण पहिला कोणीतरी असतोच. ‘पिता व पुत्र व पवित्र आत्मा यांना गौरव असो’ हे आपण ज्या चालीवर म्हणतो ती 1851 साली हेन्री ग्रेटोरेक्स या अमेरिकेत स्थायिक झालेल्या इंग्रज ऑर्गनवादकाने प्रसिद्ध केली. मोठ्या सणांना आपण म्हणतो ते चढत जाणारे ‘आमेन’ जर्मनीतल्या ड्रेसडेन दरबाराचा संगीतकार योहान गॉटलीब नाउमान याचे आहे; तो 1801 साली वारला. मेंडेल्सझोनने ते सूर आपल्या सिंफनीत घेतले, वाग्नरने आपल्या संगीतनाटकात घेतले, आणि पुण्यातल्या आमच्या मंडळीत ते पेटीवर आणि तबल्याच्या एका थापेवर संपतात. मला यात नेहमी गंमत वाटत आली आहे. ही नावे जुन्या पुस्तिकेत बारीक टाइपात होती आणि संडे स्कूलमधली चौकस मुले ती वाचून प्रश्न विचारत.

पण ‘प्रभो, दया कर’ची वर सांगितलेली चाल कोणा जर्मनाची वा इंग्रजाची नाही. ती आमच्याच मंडळीतल्या एका चित्रकलेच्या मास्तरांची आहे. त्यांच्या घरच्यांना विचारलेले नसल्यामुळे इथे नाव लिहीत नाही, पण कमिटीतल्या ज्येष्ठ सभासदांनी त्यांच्या सायकलच्या मागच्या कॅरिअरवर बसून खडकीपर्यंत फेऱ्या मारलेल्या आहेत, तेव्हा नाव आठवायला अडचण पडू नये. ते गेल्यावर त्यांचे रजिस्टर माझ्याकडे आले. लाल कापडी पुठ्ठ्याचे, शाळेत हजेरीला वापरतात तसे. त्यात निळ्या शाईने सरगम लिहिलेली आहे आणि शब्द खाली, अक्षराखाली अक्षर. ‘पवित्र, पवित्र, पवित्र’च्या पानावर आधी एक चाल लिहून ती खोडलेली आहे. ती तार षड्जापर्यंत जात होती, चांगली होती, मी पेटीवर वाजवून पाहिली आहे. गाणाऱ्याला टाळी मिळाली असती अशी. खोडलेल्या ओळीशेजारी मास्तरांनी लिहिले आहे : ‘आजीबाईंना झेपणार नाही’. आणि खाली दुसरी, धैवताच्या वर न जाणारी चाल, जी आपण आजवर गात आलो. पानाच्या तळाशी तीनदा अधोरेखित केलेली सूचना आहे : ‘रेंगाळू नये’.

प्रतिसादाच्या संगीतकाराचे काम मला या एका पानाने समजले. स्वतःला सुचलेली चांगली चाल दुसऱ्याच्या गळ्याकडे पाहून खोडायची. फ्रान्समधल्या तेझे येथील ख्रिस्ती बंधुसमाजासाठी झाक बर्तिए या पॅरिसच्या ऑर्गनवादकाने वेगवेगळ्या भाषांच्या यात्रेकरूंना ऐकता ऐकता उचलता येतील अशी छोटी आवर्तने बांधली. झोझेफ झेलिनो या फ्रेंच जेझुइट धर्मगुरूंनी स्तोत्रांच्या मध्ये लोकांसाठी सोपी पालुपदे घातली. आमचे मास्तर हजेरीच्या रजिस्टरात तेच करत होते. त्या तिघांचीही नावे ‘पारंपरिक’ या शब्दाखाली पुरली जाऊ नयेत. जे हयात आहेत त्यांच्या रचना वापरायच्या तर त्यांना विचारणेही उचित. ट्रॅक कोणाचा, तो वापरायला कोणाला विचारले, हे मी सचिवांना विचारले होते. ‘नेटवर होता’ असे उत्तर मिळाले.

वेळेच्या बचतीविषयी मी दोन रविवार घड्याळ लावून बसलो. सर्व प्रतिसाद गायला 7 मिनिटे 40 सेकंद लागली, म्हणायला सव्वातीन मिनिटे. त्याच दोन रविवारी सूचनांना, वाढदिवसांना आणि सहलीच्या वर्गणीच्या आठवणीला अनुक्रमे 14 आणि 17 मिनिटे लागली. यावर अधिक लिहीत नाही.

आता कमिटीच्या बाजूने जे खरे आहे तेही लिहायला हवे. आम्ही रेंगाळत होतो. मास्तरांनी तीनदा अधोरेखित करूनही आम्ही प्रत्येक ओळीच्या शेवटी बसून राहायचो, आणि मी पेटीवर त्यांना ओढण्याऐवजी त्यांच्याबरोबर बसायचो. पेटीचा एक सूर गेली सहा वर्षे चढा लागत होता आणि तो दुरुस्त करून घेण्याचे मी लांबवले. नव्या मुलांनी गिटार आणली तेव्हा तिच्यासाठी जागा करून देताना आमच्यापैकी काहींनी कपाळाला आठ्या घातल्या, त्यांत मी होतो. तरुणांना कंटाळा आला असेल तर तो आमच्या गाण्याचा होता, प्रतिसादाचा नव्हता, एवढाच फरक मला दाखवायचा आहे. ट्रॅकवर गाणाऱ्या सहा जणांपैकी दोघींना पेटीचे पहिले धडे मीच दिले. त्यांचे गळे चांगले आहेत, त्यांच्याविषयी या पत्रात एकही उणा शब्द नाही. पण सहा तरुण गातात आणि उरलेले साठ तरुण पाहतात, याला तरुणांचा सहभाग कसे म्हणायचे, ते कळत नाही.

रोमन कॅथलिक मंडळी आपली नाही, तरी तिच्याकडची एक गोष्ट इथे घेण्यासारखी आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 साली उपासनेविषयी जो दस्तऐवज काढला त्यात लोकांचा सहभाग वाढवण्यासाठी जयघोष, प्रतिसाद, स्तोत्रे यांची नावे घेऊन शिफारस केली. 1967 साली संगीताविषयी स्वतंत्र सूचना निघाली, तिच्यात तर क्रमच लावून दिला आहे : गाण्याची सुरुवात करायची तर आधी पाळकाच्या अभिवादनाला लोकांनी द्यायची उत्तरे, ‘पवित्र’ आणि प्रभूची प्रार्थना यांपासून करावी, बाकीचे भाग त्यानंतर. आपल्या सूचनेने हा क्रम उलटा केला आहे. पाच भक्तिगीते तशीच राहणार आणि प्रतिसाद जाणार.

माझ्या मागण्या अशा आहेत. आगमनकाळापासूनचा निर्णय स्थगित करावा आणि हा विषय मंडळीच्या सर्वसाधारण सभेपुढे ठेवावा. ती सभा उपासनेनंतर लगेच घ्यावी, म्हणजे कामावर जाणाऱ्यांनाही थांबता येईल. सभेचा निर्णय काहीही लागो, निदान चार ठिकाणी मंडळीने स्वतः गावे आणि तिथे ट्रॅक लावू नये : ‘प्रभो, दया कर’, प्रभुभोजनाआधीचा संवाद, ‘पवित्र, पवित्र, पवित्र’, आणि ‘आमेन’. पट्टी काळी एक ठेवावी, फार तर पांढरी दोन. पुस्तिका मोठ्या टाइपात पुन्हा छापावी. छपाईचा खर्च कमिटीला जड असेल तर पहिल्या शंभर प्रतींचा मी देतो. पुस्तिकेत आणि पडद्यावर प्रत्येक प्रतिसादाखाली शब्द कोणाचे, चाल कोणाची आणि भाषांतर कोणाचे ते लिहावे, आणि माहीत नसेल तिथे ‘माहीत नाही’ असे प्रामाणिकपणे लिहावे. मास्तरांच्या घरी कमिटीतर्फे दोघांनी जाऊन त्यांचे नाव छापण्याची परवानगी मागावी. हे इतक्या वर्षांत कोणालाही सुचले नाही, मलाही नाही. रजिस्टरच्या प्रत्येक पानाचे छायाचित्र काढून एक संच वेस्ट्रीत, म्हणजे चर्चमधल्या पाळकांच्या खोलीत, ठेवावा. आणि तरुण संघातल्या मुलांकडून एखाद-दुसरा नवा प्रतिसाद बांधून घ्यावा, मराठी शब्दांवर, त्यांना आवडेल त्या ठेक्यात. गिटारवर झाला तरी चालेल. तो आधी मागच्या बाकांवरच्या लोकांकडून गाऊन घ्यावा आणि त्यांना झेपला तरच घ्यावा.

या पत्राचे उत्तर आगमनकाळाच्या पहिल्या रविवारापूर्वी लेखी मिळावे आणि ते त्याच फलकावर लागावे, अशी विनंती आहे.

तोवर दर शनिवारी संध्याकाळी सहा ते साडेसात माझ्या घरी पेटी उघडी असेल. तिचा चढा लागणारा सूर मागच्या आठवड्यात दुरुस्त करून घेतला आहे. रजिस्टर टेबलावर ठेवलेले असेल. गायकगटातल्या सहा जणांना वेगळे आमंत्रण देत आहे, कमिटीच्या सभासदांनीही यावे. आई असतेच, आणि तिला चाल झेपते की नाही ते तिथल्या तिथे कळेल.

आपला नम्र,
मंडळीचा एक सभासद व माजी पेटीवादक